फळे आणि वजन : जमा-खर्चाचा एक विचार

(ट्रस्टच्या सुवर्णमहोत्सवी वर्षानिमित्त आयोजित व्याख्यानमालेत दिलेल्या भाषणाचा मजकूर)



आपल्या ट्रस्टने पन्नास वर्षांची वाटचाल पूर्ण केली. या मंगल प्रसंगी धर्म आणि समाजकार्य या विषयांवर अधिकारी व्यक्तींनी आपल्याला मार्गदर्शन केलेच आहे. माझ्या वाट्याला आरोग्याचा विषय आला. मी वैद्य नाही, डॉक्टर नाही. वाणिज्य शाखेचा पदवीधर आहे आणि चाळीस वर्षे कापडाच्या गादीवर बसलो आहे. म्हणून औषधोपचार सांगण्याचा अधिकार मला नाही. परंतु जमा आणि खर्च यांचा मेळ घालणे हे आम्हा व्यापाऱ्यांचे नित्यकर्म आहे, आणि आजचा विषय मुळात मेळाचाच आहे. प्रश्न असा, की फळे खाल्ल्याने वजन कमी होते की वाढते?

हा प्रश्न साधा वाटतो. पण गेल्या काही वर्षांत त्याने आपल्या घराघरांत वाद निर्माण केला आहे. एकाच कुटुंबात सासूबाई मधुमेहाच्या भीतीने केळे वर्ज्य करतात, तर सूनबाई सकाळी उठल्याबरोबर केळेच खाल्ले पाहिजे असे म्हणतात. दोघींजवळही आपापल्या मताला आधार आहे, आणि दोन्ही आधार आपल्या महाराष्ट्रातलेच आहेत.

पहिला आधार डॉ. जगन्नाथ दीक्षित यांचा. नागपूरचे बहुश्रुत नेते कै. डॉ. श्रीकांत जिचकार यांचे २००४ साली अपघाती निधन झाले. त्यांनी व्याख्यानांतून मांडलेला आहारविचार डॉ. दीक्षितांनी पुढे ‘विनासायास वेट लॉस’ या नावाने गावोगावी नेला. त्यांचे म्हणणे थोडक्यात असे : कडक भूक लागेल त्या दोनच वेळा ओळखाव्यात, त्या दोन वेळा जेवावे, प्रत्येक जेवण पंचावन्न मिनिटांत संपवावे आणि मधल्या वेळी काहीही खाऊ नये. आपण खातो तेव्हा शरीरात इन्सुलिन स्रवते, आणि इन्सुलिन वाढलेले असताना साठलेली चरबी वापरली जात नाही, हा त्यामागचा विचार. या पद्धतीत मधल्या वेळचे फळही बंद होते. ते खायचे तर जेवणातच.

दुसरा आधार आहारतज्ज्ञ ऋजुता दिवेकर यांचा. त्या सांगतात, थोडे थोडे आणि वेळेवर खावे, आपल्या मातीतले, हंगामातले फळ न घाबरता खावे; केळे, आंबा, सीताफळ ही आपली फळे शत्रू नव्हेत. २०१८ साली त्यांनी लोकांसाठी जो बारा आठवड्यांचा उपक्रम घेतला, त्यातला पहिलाच नियम दिवसाची सुरुवात चहाने न करता केळे, भिजवलेले बदाम किंवा भिजवलेल्या मनुका यांनी करावी, असा होता. त्याच सुमारास महाराष्ट्रभर ‘दोन वेळा की दर दोन तासांनी’ हा वाद रंगला. लग्नाच्या पंगतीत, रेल्वेच्या डब्यात, आमच्या दुकानाच्या पायरीवरसुद्धा.

बंधू-भगिनींनो, या दोघांपैकी कोण बरोबर, हा निवाडा मी करणार नाही. परंतु आपल्या जिल्ह्यातील एक गोष्ट आपल्या नजरेस आणू इच्छितो. ती नीट पाहिली तर वादाचे निम्मे उत्तर मिळते.

१ जुलै १९९८ रोजी आपला नंदुरबार जिल्हा धुळ्यापासून वेगळा झाला. एका बाजूला तापीकाठचा सुपीक पट्टा. शहादा, तळोद्याची पपई ट्रक भरभरून उत्तर भारतात जाते, केळीचे घड बांधावर रचलेले दिसतात. दुसऱ्या बाजूला सातपुडा. तिथे तोरणमाळचे सीताफळ आहे, धडगावचे आमचूर आहे, मोहाची फुले आहेत, आणि तरीही कुपोषणाने ग्रासलेली बालके आहेत. राज्य शासनाने आदिवासी भागातील मातांसाठी आणि बालकांसाठी डॉ. ए. पी. जे. अब्दुल कलाम अमृत आहार योजना आणली, तेव्हा सात महिने ते सहा वर्षे वयाच्या बालकांना आठवड्यातून चार दिवस अंडे, आणि अंडे न खाणाऱ्यांना केळी देण्याचे ठरले. उद्देश हा की बालकाचे वजन वाढावे.

आता विचार करा. धडगावच्या अंगणवाडीत जे केळे वजन वाढावे म्हणून बालकाच्या हाती दिले गेले, तेच केळे आपल्या बाजारपेठेतील सद्गृहस्थ वजन कमी व्हावे म्हणून खातात, आणि त्यांचे शेजारी वजन वाढेल म्हणून टाळतात. केळे तेच. त्यात वजन वाढवण्याची वा घटवण्याची वेगळी जादू नाही. जिथे दिवसभराची जमाच अपुरी आहे तिथे ते भर घालते. जिथे जमा आधीच खर्चाहून अधिक आहे तिथे प्रश्न उरतो तो एवढाच, की ते केळे कशाच्या ऐवजी आले, की सगळ्याच्या शिवाय आले?

‘ऐवजी’ आणि ‘शिवाय’ हे दोन शब्द आपण सर्वांनी लक्षात ठेवावेत अशी माझी विनंती आहे. माझ्या अल्पमतीप्रमाणे सगळा विषय या दोन शब्दांत मावतो.

थोडा हिशेब मांडू. मध्यम आकाराच्या केळ्यात सुमारे १०० कॅलरी असतात. शंभर ग्रॅम पपईत चाळिसाच्या आसपास, कलिंगडात तीसच्या आसपास, आंब्यात साठ, सीताफळात शंभराच्या जवळ. आता दुकानावर दुपारी चार वाजता चहाबरोबर जो पुडा उघडला जातो त्याकडे पाहा. पन्नास ग्रॅम फरसाण म्हणजे अडीचशेहून अधिक कॅलरी. आणि पन्नास ग्रॅम फरसाण हे खाल्ल्याचे कुणाला जाणवतही नाही. तेवढ्याच कॅलरी पपईतून घ्यायच्या तर सहाशे ग्रॅमहून जास्त पपई खावी लागेल. माणूस अर्ध्यावरच हात धुवून उठेल.

फरसाणाच्या ऐवजी पपई आली, तर रोजच्या खात्यावर दीडशे कॅलरींची बचत सहज होते. परंतु फरसाण खाऊन झाले आणि ‘फळ चांगले असते’ म्हणून वर एक केळेही खाल्ले, तर शंभर कॅलरी वाढल्या. एक किलो चरबीत सुमारे ७,७०० कॅलरी साठवलेल्या असतात. रोज शंभर जादा, म्हणजे कागदावर वर्षाला साडेचार किलोंहून अधिक होते. शरीर स्वतःही थोडे जुळवून घेते, त्यामुळे प्रत्यक्षात वाढ यापेक्षा कमी होते. पण दिशा तीच राहते.

संशोधकांनीही हेच पाहिले आहे. अन्य काही कमी न करता केवळ फळे-भाज्या वाढवल्या तर वजन घटते काय, हे तपासणाऱ्या अनेक प्रयोगांचा एकत्रित आढावा २०१४ साली प्रसिद्ध झाला. निष्कर्ष असा, की नुसते वाढवल्याने वजनात लक्षात येण्यासारखी घट होत नाही. याच्या विरुद्ध वाटणारा दुसरा अभ्यास २०१५ सालचा आहे. अमेरिकेतील १ लाख ३३ हजारांहून अधिक स्त्री-पुरुषांची चोवीस वर्षांपर्यंतची माहिती त्यात तपासली गेली. रोजच्या आहारात फळाचा एक वाटा वाढवणाऱ्यांच्या वजनात दर चार वर्षांमागे सरासरी पाव किलोची घट आढळली. सफरचंद-नासपतीसारख्या फळांत ती त्याहून अधिक होती. दोन्ही अभ्यास परस्परविरोधी नाहीत. पहिला सांगतो, फळ हे औषध नव्हे. दुसरा सांगतो, ज्याच्या ताटात फळाला जागा असते त्याच्या ताटात हळूहळू दुसरे काहीतरी कमी होते.

ते कमी का होते? फळात पाणी असते, चोथा असतो आणि ते चावावे लागते. १९७७ साली इंग्लंडमधील संशोधकांनी काही व्यक्तींना सफरचंद तीन प्रकारांनी दिले : अखंड, वाटून आणि रस काढून. रस अखंड सफरचंदाच्या अकरापट वेगाने पोटात गेला, आणि पोट भरल्याचे समाधान मात्र सर्वात कमी मिळाले. २००९ साली अमेरिकेत जेवणापूर्वी पंधरा मिनिटे सफरचंद देऊन पाहिले, तेव्हा पुढच्या जेवणासह एकूण कॅलरी १५ टक्क्यांनी घटल्या. तेवढ्याच कॅलरींच्या रसाने हा लाभ दिला नाही.

म्हणून बंधूंनो, फळ आणि फळाचा रस या दोन वेगळ्या वस्तू आहेत. आमच्या धंद्यातील भाषेत सांगायचे तर एकाच सुताचे असले तरी खादी वेगळी आणि मलमल वेगळी. जागतिक आरोग्य संघटनेने २०१५ साली साखरेविषयी जे मार्गदर्शन केले, त्यात अखंड फळातील साखरेवर मर्यादा घातलेली नाही. परंतु फळांच्या रसातील साखर मात्र साध्या साखरेच्याच रांगेत बसवली आहे. २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या १ लाख ८७ हजार व्यक्तींच्या अभ्यासातही, अखंड फळे खाणाऱ्यांत मधुमेहाचे प्रमाण कमी आणि रस पिणाऱ्यांत अधिक दिसले. एका ग्लासात तीन-चार संत्री पिळली जातात. ती सोलून एका बैठकीत खाणारे किती जण आपल्यात आहेत?

कुणी म्हणेल, वर्षीतपाचे पारणे तर उसाच्या रसानेच होते. खरे आहे. पण तो रस एका दीर्घ तपाच्या शेवटी, श्रद्धेने घेतलेला आहे. रोज सकाळी फिरून आल्यावर कोपऱ्यावरच्या चरकावर थांबणाऱ्यांनी त्या परंपरेचा आधार घेऊ नये, एवढेच नम्रपणे सुचवतो.

अक्षय्य तृतीयेचाच विषय निघाला आहे, तर आपल्या खानदेशातील आखाजीकडेही पाहू. खापरावरची पुरणपोळी, वर साजूक तूप आणि वाटीभर आमरस! दुसऱ्या दिवशी वजनकाट्यावर उभे राहिलेला मनुष्य दोष कुणाला देतो? आंब्याला! वास्तविक दोनशे ग्रॅम आमरसात वरून साखर घातली नसेल तर सव्वाशेच्या आसपास कॅलरी असतात. पोळीवर सोडलेल्या एका मोठ्या पळीभर तुपात तेवढ्याच. त्या ताटातील सर्वात हलका मानकरी आंबा असतो, आणि शिक्षा मात्र त्यालाच होते. आर्द्रा नक्षत्रानंतर आपल्याकडे आंबा वर्ज्य मानण्याची परंपरा आहेच; त्यामुळे त्याचा मोसमही मर्यादित. त्या चार-सहा आठवड्यांत आंबा कापून खावा, जेवणात खावा, आणि त्या दिवशी अन्य गोड करू नये. मग भीतीचे कारण उरत नाही.

सुक्यामेव्याबद्दलही एक शब्द. आपल्या घरांत खजूर, मनुका, अंजीर यांचे डबे भरलेले असतात. सुमारे चार किलो द्राक्षांपासून एक किलो मनुका तयार होतात. पाणी उडते, साखर राहते. म्हणून मूठभर मनुका म्हणजे वाटी-दोन वाट्या द्राक्षे, हे ध्यानात ठेवून चार-पाच दाणे खावेत. टीव्हीसमोर डबा घेऊन बसू नये.

आता मधुमेही बंधू-भगिनींचा प्रश्न. २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या राष्ट्रीय पाहणीनुसार आपल्या देशात १० कोटींहून अधिक लोकांना मधुमेह आहे. त्यामुळे हा प्रश्न जवळजवळ प्रत्येक घराचा झाला आहे. डेन्मार्कमध्ये ६३ मधुमेही रुग्णांवर बारा आठवड्यांचा प्रयोग झाला. निम्म्यांना रोज किमान दोन फळे खाण्यास सांगितले, निम्म्यांना दोनपेक्षा अधिक न खाण्यास. दोन्ही गटांचे वजन थोडे घटले आणि रक्तातील साखरेच्या तीन महिन्यांच्या सरासरीत दोन्ही गटांत फरक पडला नाही. प्रयोग लहान आहे. पण फळाला सरसकट विष मानू नये, एवढे त्यावरून म्हणता येते. एका वेळी एक लहान फळ, पेरू, पपई यांना पसंती, आणि तासा-दोन तासांनी स्वतःची साखर तपासून पाहणे, हा मार्ग डॉक्टरांच्या सल्ल्याने घ्यावा. जे इन्सुलिन किंवा मधुमेहाच्या गोळ्या घेतात त्यांनी मात्र भाषण ऐकून, माझेही, जेवणाच्या वेळा परस्पर बदलू नयेत. साखर एकदम उतरण्याचा धोका असतो. पर्युषणातील तपश्चर्येपूर्वीही डॉक्टरांना विचारून औषधाचा डोस ठरवून घ्यावा. मूत्रपिंडाचा विकार असणाऱ्यांनी केळे आणि नारळपाणी यांबाबत विशेष सावध असावे.

काही जण दुसऱ्या टोकाला जातात आणि आठ-पंधरा दिवस केवळ फळांवर राहतात. काटा खाली येतो, मन प्रसन्न होते. परंतु फळात प्रथिने अत्यल्प असतात. आपण शाकाहारी, आपली प्रथिने डाळी, कडधान्ये, दूध-दही यांतून येतात. तीच बंद केली तर चरबीबरोबर स्नायूही झिजतात, आणि पुन्हा जेवू लागताच वजन परत येते. पुण्याच्या केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी २००४ साली स्वतःचे आणि आपल्या एका इंग्रज सहकाऱ्याचे छायाचित्र प्रसिद्ध केले होते. दोघांचे उंचीच्या प्रमाणातील वजन अगदी सारखे. परंतु शरीरातील चरबी इंग्रज डॉक्टरांची सुमारे ९ टक्के आणि याज्ञिक साहेबांची २१ टक्के! आपण भारतीय बारीक दिसूनही आत चरबी बाळगतो. म्हणून नुसत्या काट्यावर विसंबू नये, टेप घ्यावी. पुरुषांची कंबर ९० सेंटिमीटर आणि स्त्रियांची ८० सेंटिमीटर, या पलीकडे धोका समजतात. टेप आमच्या दुकानात आहेच. कापड घेतलेच पाहिजे अशी अट नाही!

हा विनोदाचा भाग सोडा, पण दुकानातल्या टेपने मला एक गोष्ट शिकवली आहे. ज्या घरातील वडिलांना एक मीटर वीस सेंटिमीटरचा पॅन्टपीस पुरत असे, त्याच घरातील तरुण मुलासाठी आज शिंपी अधिक कापड मागतो. व्यापारी म्हणून मला त्यात दोन पैसे जास्त मिळतात. समाजाचा घटक म्हणून मात्र ते पैसे गल्ल्यात टाकताना हात जड होतो. कारण यातील काही तरुण पंचेचाळिशीच्या आतच हृदयविकाराने गेलेले मी पाहिले आहेत. ज्यांच्या लग्नाचा बस्ता आमच्याकडे बांधला गेला, त्यांच्या घरी सांत्वनाला जावे लागले. म्हणूनच हा विषय मला केवळ काट्याचा वाटत नाही.

मग करावे काय? राष्ट्रीय पोषण संस्थेने २०२४ साली भारतीयांसाठी जे आहारमार्गदर्शन केले, त्यात २,००० कॅलरींच्या दिवसाच्या ताटात १०० ग्रॅम फळे, ४०० ग्रॅम भाज्या, २५० ग्रॅम धान्य, ८५ ग्रॅम डाळी-कडधान्ये, ३०० मिलिलिटर दूध-दही आणि सुमारे २७ ग्रॅम तेल-तूप असे प्रमाण दिले आहे. फळ आहे, पण शंभर ग्रॅम. आणि तेल-तुपाचा आकडा पाहून आपण सर्वांनीच घरच्या तेलाच्या डब्याला महिन्याच्या दिवसांनी भागून पाहावे. कंदमुळे आपण खात नाहीच; तेव्हा भाज्यांचा वाटा दुधी, गिलके, दोडके, पालेभाज्या यांनी भरावा. पर्वतिथीला हिरवे वर्ज्य असते, त्या दिवशी ती जागा तळलेल्या पापड-गाठ्यांनी भरू नये, मूग-मठाने भरावी.

ज्यांना दोनच वेळचे जेवण मानवते त्यांनी फळ जेवणातच घ्यावे. बियासणाचा सराव असलेल्यांना दोन बैठकी नव्या नाहीत. ज्यांना मधे भूक लागते त्यांनी बिस्किट-फरसाणाच्या ऐवजी फळ घ्यावे. दोन्ही पक्ष आपापल्या जागी राहोत. घरचे अन्न, पाकीटबंद पदार्थांना नकार आणि रोजचा व्यायाम याबाबत त्यांच्यात वाद नाही. आणि आपल्या शास्त्रकारांनी बाह्य तपात उपवासानंतर लगेच उणोदरीला स्थान दिले आहे, चार घास कमी खाऊन उठणे. ही गोष्ट फळालाही लागू आहे.

शेवटी विश्वस्त मंडळासमोर दोन नम्र सूचना ठेवतो. ट्रस्टच्या कार्यक्रमांत स्वागताला जे बाटलीबंद रस आणि सरबते दिली जातात, त्यांच्या ऐवजी शहाद्याच्या पपईच्या फोडी किंवा पेरू ठेवावेत. खर्च वाढणार नाही, आपल्याच शेतकऱ्याच्या हाती पैसे जातील. आणि स्वामीवात्सल्यातील मिठाईचा एक पदार्थ कमी करून त्या रकमेतून सातपुड्यातील अंगणवाड्यांना वर्षभर केळी पोहोचवावीत. आपल्या ताटातला जो भाग आपल्याला जड होतो, तो तिथल्या बालकाच्या अंगी लागेल. आपली कंबर आणि त्याचे वजन, दोन्ही खाती एकाच नोंदीने सुधारतील. जमा-खर्चाच्या वहीत अशी नोंद क्वचितच सापडते.

सुवर्णमहोत्सवी वर्षात आपणा सर्वांना निरामय दीर्घायुष्य लाभो, ही शासनदेवांच्या चरणी प्रार्थना करतो आणि थांबतो.

जय जिनेंद्र!